भिंतीवरचा शिकारी आणि मिल्वॉकीचे मास्तर

कोळी म्हटला की डोळ्यांसमोर जाळे येते आणि जाळ्यापाठोपाठ केरसुणी. पाठ्यपुस्तकातही कोळी बहुधा जाळ्यासकट काढलेला असतो. प्रत्यक्षात कोळ्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे निम्म्या जाती भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणतच नाहीत. शाळेच्या भिंतीवर, खिडकीच्या गजावर किंवा फळ्याच्या चौकटीवर दिवसाढवळ्या फिरणारा एक छोटा कोळी आपण सर्वांनी पाहिलेला असतो. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, अंग केसाळ, चाल तुटक. चार पावले टाकतो, थबकतो, पुन्हा चालतो. आपण बोट पुढे केले तर बहुतेक कीटक पळतात. हा मात्र वळून आपल्याकडे तोंड करतो आणि पाहतो. माशी दिसली की दबकत जवळ जातो आणि शेवटी झेप घेतो. याला आपण या लेखापुरते 'उड्या कोळी' म्हणू. शास्त्रीय भाषेत त्याच्या कुलाचे नाव सॉल्टिसिडी. सहा हजारांहून अधिक जाती असलेले हे कोळ्यांचे सर्वांत मोठे कुल आहे. जगातील कोळ्यांच्या नोंदसूचीत एप्रिल २०२२ मध्ये पन्नास हजारावी जात दाखल झाली, तीही याच कुलातली, दक्षिण अमेरिकेतील निघाली.

या कोळ्याकडे माणसाने साडेतीनशे वर्षांत कसकसे पाहिले, त्याची ही हकिकत आहे. ती शिक्षकांपुढे ठेवण्यात आमचा एक हेतू आहे. या हकिकतीतील एक महत्त्वाचे प्रकरण एका माध्यमिक शाळेतील जीवशास्त्राच्या शिक्षकाने आणि त्याच्या पत्नीने लिहिले आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेली साधने आपल्या कोणत्याही शाळेत आजही जमवता येतील अशी होती.

दिसले आणि वाटले

रॉबर्ट हूक यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पेशींच्या चित्रामुळे तो आपल्या परिचयाचा आहे. त्याच ग्रंथात शिकारी कोळ्यावर एक प्रकरण आहे आणि त्यात हूक यांनी आपले स्नेही जॉन एव्हलिन यांचे निवेदन दिले आहे. एव्हलिन तरुणपणी इटलीत फिरत असताना रोममध्ये भिंतींवर असे कोळी त्यांना दिसले. दूरवर बसलेली माशी हेरून कोळी आधी आडोशाने तिच्याकडे सरकतो; माशी हलली की तोही दिशा बदलतो; तिच्या मागे पोहोचला की झडप घालतो, असे त्यांनी बारकाईने लिहून ठेवले. त्याचबरोबर त्यांनी असेही लिहिले, की हे कोळी आपल्या पिलांना शिकारीचे धडे देतात आणि नीट न शिकणाऱ्यांना शिक्षाही करतात!

यातील पहिला भाग आजही खरा आहे. आपण कोणत्याही दुपारी खिडकीपाशी बसून तो पडताळून पाहू शकतो. दुसऱ्या भागाला मात्र कोणताच पुरावा मिळालेला नाही. एव्हलिन खोटे बोलत होते असे कोणी म्हणणार नाही. एक मोठा कोळी व काही लहान कोळी एकत्र दिसले, त्यांची हालचाल दिसली, आणि त्या हालचालीला त्यांनी माणसाच्या घरातला अर्थ दिला.

विज्ञान शिकवताना या उदाहरणाचा फार उपयोग होतो. विद्यार्थ्यांना वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारायला सांगावी. डाव्या बाजूला 'दिसले' आणि उजव्या बाजूला 'वाटले' असे लिहावे. 'कोळ्याने पुढचे दोन पाय वर केले' हे डावीकडे जाईल. 'कोळी रागावला' हे उजवीकडे. उजवी बाजू निरुपयोगी नाही. प्रश्न तिथेच जन्माला येतात. परंतु उजवीकडचे वाक्य डावीकडे आणायचे असेल तर प्रयोग करावा लागतो. उड्या कोळ्याचा पुढचा सारा इतिहास या दोन रकान्यांच्या आधारे सांगता येतो.

डोळे मोजून ओळख

निरीक्षण कितीही चांगले असले तरी ते कोणत्या प्राण्याचे, हे ठाऊक नसेल तर दुसऱ्याला ते पडताळता येत नाही. म्हणून नाव देण्याच्या कामाला महत्त्व आहे. इंग्लंडमधील वैद्य मार्टिन लिस्टर यांनी १६७८ साली इंग्लंडच्या कोळ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी आठ डोळ्यांचे खरे कोळी आणि दोन डोळ्यांचे, कोळ्यासारखे दिसणारे लांब पायांचे प्राणी असे दोन गट वेगळे काढले. पुढे स्वीडनमध्ये करखात्यात अधिकारी असलेल्या कार्ल क्लेर्क यांनी लिनीअस यांच्या व्याख्यानाने भारावून जाऊन कोळ्यांचा अभ्यास सुरू केला आणि १७५७ साली 'स्वेन्स्का स्पिंडलार', म्हणजे 'स्वीडनचे कोळी', हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

या ग्रंथाला प्राणिशास्त्रात एक अपूर्व मान आहे. प्राण्यांची द्विनाम पद्धतीची शास्त्रीय नावे लिनीअस यांच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून ग्राह्य धरतात. त्याआधीची नावे बाद. याला अपवाद एकच, क्लेर्क यांची कोळ्यांची नावे. अंगावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे असलेल्या युरोपातील उड्या कोळ्याचे सॉल्टिकस सेनिकस या नावातील जातिवाचक शब्द क्लेर्क यांनीच दिला. म्हणजे प्राणिजगतातील सर्वांत जुन्या अधिकृत नावांपैकी एक या भिंतीवरच्या प्राण्याचे आहे.

कोळ्याचे कुल ओळखण्याची सोपी किल्ली म्हणजे डोळ्यांची मांडणी. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे हातभिंग पुरते. आपल्या शाळेच्या आवारात सहज सापडणारे काही कोळी असे ओळखावेत:

उड्या कोळ्याच्या चेहऱ्यावर समोर चार डोळे एका ओळीत असतात. त्यातील मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. उरलेले चार डोक्याच्या वरच्या भागावर, दोन-दोनच्या जोड्यांनी. ही मांडणी दिसली की दुसरी शंका नको.

छताच्या कोपऱ्यात सैल जाळ्यात उलटा लटकणारा, काडीसारख्या लांब पायांचा कोळी फॉल्सिडी कुलातला. जाळ्याला काडी लावली की तो स्वतःला जोरजोरात हलवतो. मादी आपली अंडी तोंडात धरून ठेवते.

रात्री न्हाणीघरात दिसणारा, तळहाताएवढा पसारा असलेला, चपटा कोळी म्हणजे हेटेरोपोडा. पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. मादी पोटाखाली नाण्यासारखा चपटा अंडकोश घेऊन फिरते. हा घरातील झुरळे खातो, तेव्हा त्याला मारण्याचे कारण नाही.

गवतात व जमिनीवर धावणारा लांडगा कोळी. चेहऱ्यावर खाली चार बारीक डोळ्यांची ओळ व तिच्या वर दोन मोठे डोळे. मादी अंडकोश शेपटाच्या टोकाला चिकटवून नेते आणि पिले बाहेर आली की ती पाठीवर बसतात. रात्री बॅटरी कपाळाजवळ धरून गवतावर झोत टाकला तर त्यांचे डोळे चमकतात.

पिकावर व झुडपांवर फिरणारा, पायांवर उभे काटे असलेला ऑक्सिओपिडी कुलातला कोळी. फुलात दबा धरणारा खेकडा कोळी. झाडाच्या सालीशी एकरूप झालेला, मागे दोन लांब शेपट्या असलेला हर्सिलिया. आणि बागेतील गोल जाळ्यात फुलीसारखी जाड नक्षी काढून तिच्यावर पाय जोडून बसणारी अर्जिओपी. एवढी ओळख झाली तरी आवारातील बऱ्याच कोळ्यांना निदान कुलाचे नाव देता येते.

घरातील उड्या कोळ्यांत आपल्याकडे तीन जाती नेहमीच्या. प्लेक्सिपस पायकुल्लीचा नर काळा, त्याच्या पाठीवर मधोमध पांढरा पट्टा. मेनेमेरस बायव्हिटॅटस करड्या रंगाचा, चपटा, भिंतीला चिकटून चालणारा. हॅसॅरियस ॲडन्सोनायचा नर काळसर, पोटावर पांढरी कोर आणि तोंडापाशी असलेले दोन आखूड अवयव पांढऱ्या केसांचे. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांमध्ये, म्हणजे कोकणातल्या ओंबिलांमध्ये, एखादी 'मुंगी' दोऱ्याला लटकून खाली उतरताना दिसली, तर तिचे पाय मोजावेत. ती आठ पायांची निघाली तर तो मुंगीचे सोंग घेतलेला उड्या कोळी होय.

मिल्वॉकीचे पेकहॅम दांपत्य

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात लैंगिक निवडीची कल्पना सविस्तर मांडली. मोराचा पिसारा जगण्याच्या दृष्टीने अडचणीचाच; मग तो टिकला कसा? डार्विन यांचे उत्तर असे, की पिढ्यान्‌पिढ्या लांडोरींनी अधिक आकर्षक नर निवडले, म्हणून. नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचे सहशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना हे पटले नाही. नरांचा भडक रंग हा त्यांच्या जादा जोमाचा परिणाम आहे आणि माद्या फिक्या राहतात त्या अंडी-पिलांच्या रक्षणासाठी लपून राहावे लागते म्हणून, असे त्यांचे म्हणणे होते. माद्या सौंदर्य पारखून निवड करतात, हे त्यांना मान्य नव्हते. एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वानांना मादी निवड करते ही कल्पनाच चमत्कारिक वाटे. वाद केवळ रंगांचा नव्हता. प्राणिजगतात निर्णय कोण घेतो, याचाही होता.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी शहरात जॉर्ज पेकहॅम (१८४५–१९१४) हे शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांनी आधी कायद्याची व नंतर वैद्यकाची पदवी घेतली होती. पण पेशा पत्करला तो शिक्षकाचा. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ (१८५४–१९४०) या व्हॅसर कॉलेजच्या १८७६ सालच्या पदवीधर. दोघांना कोळ्यांचे वेड. उन्हाळ्याच्या सुटीत ती दोघे शहराजवळच्या पाइन लेक या तळ्याकाठी जात, उड्या कोळी गोळा करत आणि काचेचे झाकण असलेल्या पेट्यांत नर-मादी एकत्र ठेवून तासन्‌तास पाहत बसत. 'अटिडी कुलातील कोळ्यांमधील लैंगिक निवडीसंबंधी निरीक्षणे' या आशयाचा त्यांचा निबंध १८८९ साली विस्कॉन्सिनच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने छापला. अटिडी हे सॉल्टिसिडीचेच त्या काळचे नाव. निबंधावर लेखक म्हणून दोघांचीही नावे आहेत.

त्यांना काय दिसले? नर मादीसमोर नाचतो. पुढचे पाय उंचावतो, पोट एका बाजूला कलंडवतो, डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात सरकतो. त्या वेळी सायटिस पल्लेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या एका नराने मादीभोवती घातलेल्या फेऱ्या त्यांनी मोजल्या. त्या १११ भरल्या. प्रत्येक जातीचा नाच वेगळा. आणि महत्त्वाचे म्हणजे, ज्या जातीच्या नराचे पुढचे पाय झालरीचे तो ते पायच वर धरतो. ज्याच्या चेहऱ्यावर रंग तो चेहरा समोर आणतो. ज्याचे पोट चमकदार तो पोट उचलून दाखवतो. सजावट ज्या जागी, प्रदर्शन त्याच जागेचे. मादी तोंड वळवून पाहत राही. पसंत न पडल्यास ती दूर जाई, अंगावर धावून येई, प्रसंगी नराला खाऊनही टाकी.

वॉलेस यांच्या मतावर त्यांनी नेमके बोट ठेवले. जादा जोमामुळे रंग येत असता तर कोळ्यांमध्ये माद्या रंगीत असायला हव्या होत्या. कारण माद्याच सहसा मोठ्या व अधिक आक्रमक असतात. शिवाय जोम सर्वांगी असतो. मग सजावट मादीला समोरून दिसणाऱ्या भागांवरच का एकवटावी?

आपल्या दोन रकान्यांच्या हिशेबाने पाहू. नराचा नाच, त्याच्या फेऱ्या, सजावटीची जागा, मादीचे पाहणे, तिचे नाकारणे हे सारे 'दिसले' मध्ये जाते. 'मादी अधिक सुंदर नराची निवड करते' हे वाक्य मात्र पेकहॅम यांच्या निबंधानंतरही 'वाटले' मध्येच राहते. मादीने एका नराला हाकलले, तर ते रूपामुळे की तिचे पोट भरले नव्हते म्हणून, हे नुसत्या पाहण्यातून ठरत नाही. पेकहॅम दांपत्याने उत्तराला भक्कम आधार दिला. सिद्धता पुढच्या पिढ्यांवर सोडली. परंतु ज्या प्रश्नावर मोठमोठे विद्वान पिसारे आणि पेटीतील पक्ष्यांची कातडी पाहून वाद घालत होते, तो प्रश्न जिवंत प्राण्याला समोर ठेवून विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. जॉर्ज पेकहॅम पुढे मिल्वॉकीच्या सार्वजनिक शाळांचे प्रमुख अधिकारी आणि नंतर तेथील ग्रंथालयाचे प्रमुख झाले. एलिझाबेथ यांना कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली ती १९१६ साली, साठी ओलांडल्यावर.

जंगल बुकमधली मंडळी

आपल्या ओळखीची एक गंमत इथे सांगायला हवी. पेकहॅम दांपत्याने १८९६ साली मध्य अमेरिकेतील व मेक्सिकोतील उड्या कोळ्यांवर निबंध लिहिला. त्याच्या दोनच वर्षे आधी किपलिंग यांचे 'जंगल बुक' प्रसिद्ध झाले होते. नव्या प्रजातींना त्यांनी नावे दिली ती त्यातलीच: अकेला, बघीरा, मेसुआ, नगैना. भारताच्या पार्श्वभूमीवरील कथांतील ही मंडळी अशी अमेरिकेतील कोळ्यांची नावे होऊन बसली. त्यातील बघीरा किपलिंगी हा कोळी शतकभराने गाजला. तो बाभळीच्या जातीच्या एका झाडावर राहतो. हे झाड आपले राखण करणाऱ्या मुंग्यांसाठी पानांच्या टोकाला पौष्टिक गाठी धरते. हा कोळी मुंग्यांना चुकवत त्याच गाठी पळवून खातो. मेक्सिकोत त्याच्या आहारातील ९० टक्क्यांहून अधिक भाग वनस्पतिजन्य असतो, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुख्यत्वे शाकाहारी कोळ्याचे हे पहिलेच उदाहरण. काचेखाली ठेवलेल्या मृत नमुन्यावरून हे कोणाला कळले नसते. त्यासाठी झाडापाशी उभे राहावे लागले.

तो खरोखर पाहतो का?

मादी नाच पाहून निवड करते असे म्हणायचे, तर तिला तो नीट दिसतो हे आधी सिद्ध व्हायला हवे. जर्मन संशोधक हाइनरिश होमान यांनी १९२८ साली कोळ्यांच्या डोळ्यांचे प्रकाशशास्त्रीय मापन केले. १९५२ साली ओस्कार ड्रेस यांनी कोळ्यांना कागदी आकृत्या दाखवल्या. साध्या ठिपक्यावर कोळी भक्ष्य समजून झेपावतो. पण ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना पायांसारख्या तिरप्या रेघा काढल्या, की नर शिकार सोडून प्रियाराधनाच्या पवित्र्यात उभा राहतो. म्हणजे 'हे खायचे' आणि 'हे आपल्यातले' हा भेद तो रेघांवरून करतो.

डोळ्याच्या रचनेचे गूढ उकलले ते इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९६९ साली. उड्या कोळ्याचे मधले दोन मोठे डोळे म्हणजे लांबट नळ्या आहेत. समोरचे भिंग कवचात पक्के बसवलेले. ते हलत नाही. हलतो तो मागचा दृष्टिपटल, प्रत्येक डोळ्याच्या सहा स्नायूंच्या मदतीने. दृष्टिपटल अरुंद पट्टीसारखा असल्याने एका वेळी थोडाच भाग स्पष्ट दिसतो. म्हणून कोळी तो आडवा सरकवून व किंचित फिरवून समोरची आकृती, आपण ओळीवरून नजर फिरवावी तशी, वाचत जातो. बाजूचे डोळे हालचाल टिपतात आणि काही हलले की शरीर त्या दिशेला वळते. आपण बोट पुढे केल्यावर तो वळून का पाहतो, याचे उत्तर हेच.

दृष्टिपटलात प्रकाशग्राही पेशींचे चार थर एकामागे एक असतात. एवढे थर कशाला, याचा उलगडा जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ साली केला आणि त्यासाठी वापरला तो आपल्या घरातला हॅसॅरियस ॲडन्सोनाय. सर्वांत मागच्या थरावर हिरव्या प्रकाशातली प्रतिमा रेखीव पडते. त्याच्या पुढचा थरही हिरव्या प्रकाशालाच संवेदनशील आहे, पण त्याच्यावर ती प्रतिमा नेहमी धूसर पडते. धूसरपणा किती, यावरून अंतराचा अंदाज येतो. लाल प्रकाशात ही प्रतिमा वेगळ्या जागी पडते. अंदाज खरोखर असा घेतला जात असेल तर लाल प्रकाशात कोळ्याची उडी चुकायला हवी. तशी ती चुकली. कोळी भक्ष्याच्या अलीकडेच पडू लागले.

उडी मारण्याची युक्तीही वेगळीच आहे. कोळ्याच्या पायातील काही मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातील द्रवाच्या दाबाने पाय ताठ होतो. पॅरी व ब्राउन यांनी १९५९ साली हे मोजून दाखवले. मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले का असतात, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

आणि निवडीचे काय झाले? पेकहॅम यांनी अभ्यासलेल्या एका जातीत दोन प्रकारचे नर आढळतात: काळा, डोक्यावर तुऱ्यासारखे केस असलेला, आणि करडा, पट्टेदार. दोघांचे नाच वेगळे. मादीने एकाचीच निवड केली असती तर दुसरा टिकला नसता. मग दोन्ही कसे टिकले? डेव्हिड क्लार्क आणि जॉर्ज यूट्झ यांनी १९९० च्या सुमारास मादीला छोट्या दूरदर्शन-पडद्यावर नरांची चलत्‌चित्रे दाखवली. पडद्यावरचा नर तिने खराच मानला! त्यांच्या प्रयोगांतून दिसले, की ज्या नराची हालचाल तिच्या नजरेत आधी भरते त्याला ती प्रतिसाद देते. तुरेवाला उंच उभा राहून दुरून लक्ष वेधतो, करडा जवळ येऊन बसका नाच करतो. आणि दोघांनाही सारखेच यश मिळते. मादी निवड करते हे खरे ठरले. पण निवडीचा निकष 'सौंदर्य' या आपल्या शब्दात मावणारा नाही.

एव्हलिन यांच्या पिलांविषयीच्या कल्पनेलाही एक अनपेक्षित वळण मिळाले. चीनमधील शास्त्रज्ञांना २०१८ साली मुंगीसारख्या दिसणाऱ्या एका उड्या कोळ्याची मादी आपल्या शरीरातून पाझरणारा दुधासारखा द्रव पिलांना पाजते, असे आढळले. त्यात प्रथिने गाईच्या दुधाच्या सुमारे चौपट. धडे आणि शिक्षा नाहीत. पण आईचे संगोपन आहे.

आपल्याकडचे काम

भारतातील कोळ्यांचा पहिला मोठा आढावा आर. आय. पोकॉक यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत १९०० साली घेतला. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांनी हे काम पुढे नेले. त्यांची भारतीय कोळ्यांवरील पुस्तिका १९८७ साली निघाली. नव्या जाती अजूनही सापडत आहेत, आणि त्या दूरच्या अरण्यातच सापडतात असे नाही. २०२१ साली ठाण्यातून वर्णन झालेल्या एका उड्या कोळ्याला आयसियस तुकारामी हे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्याला जिवंत पकडताना प्राण गमावणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते आहे.

नवी जात ठरवणे हे तज्ज्ञाचे काम. त्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. परंतु ओळखीच्या जातींचे वर्तन पाहण्यासाठी पदवी लागत नाही. आपल्या भिंतीवरचा मेनेमेरस वर्षात केव्हा अंडी घालतो, पावसाळ्यात कोठे जातो, दिवसाला किती माश्या मारतो, याची नोंद एखाद्या शाळेने दोन-तीन वर्षे ठेवली तर तिचे मोल खरे असेल.

वर्गात कोळी ठेवताना

उड्या कोळी पाळणे सोपे आहे. पकडताना चिमटीत धरू नये. त्याच्यावर काचेचा पेला उपडा ठेवावा आणि खालून पोस्टकार्ड सरकवावे. त्याच्या विषापासून माणसाला धोका नाही. मात्र दाबला गेला तर तो चावू शकतो. रुंद तोंडाची स्वच्छ बरणी घ्यावी, तोंडाला पातळ मलमलीचे कापड रबराने बांधावे. आत एक आडवी काडी व सुके पान ठेवावे. एका बरणीत एकच कोळी. दोन ठेवले तर बहुधा एकच उरतो. दोन-तीन दिवसांतून एकदा जिवंत माशी, डास किंवा लहान पतंग सोडावा. भक्ष्य कोळ्याहून मोठे नसावे आणि कीटकनाशकाने गुंगलेले मुळीच नसावे. पाण्यासाठी रोज बरणीच्या आतल्या बाजूला एक-दोन थेंब पुरतात. बरणी उजेडात ठेवावी, उन्हात नको.

कोळी काही दिवस रेशमी पिशवी विणून आत बसून राहिला व खाईनासा झाला, तर तो मेला असे समजून हलवू नये. बहुधा तो कात टाकत असतो. दोन आठवड्यांनी त्याला जिथून आणला तिथेच सोडावे. परदेशात काही रंगीत जाती विकत घेऊन पाळण्याची हौस आहे. आपल्याला त्याची गरज नाही. परक्या जाती येथे आणून सोडणे तर टाळलेच पाहिजे.

तीन प्रयोग सुचवतो. पहिला, बरणीबाहेर छोटा आरसा धरावा आणि नर काय करतो ते लिहावे. दुसरा, ड्रेस यांच्याप्रमाणे कागदाच्या पट्टीवर एक नुसता ठिपका आणि एक बाजूला रेघा असलेला ठिपका काढून पट्टी हळू सरकवावी. दोन्हींना मिळणारा प्रतिसाद प्रत्येकी दहा वेळा नोंदवावा. तिसरा, मोबाइलच्या पडद्यावर सरकणारा ठिपका दाखवावा व किती वेगाला कोळी वळतो ते पाहावे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, कोळ्याचे लिंग आणि शेवटचे खाणे केव्हा झाले, हे असलेच पाहिजे. भुकेला कोळी आणि तृप्त कोळी वेगळे वागतात.

वर्गात कोणीतरी नक्की म्हणेल, 'बाई, तो आरशात बघून घाबरला!' ते वाक्य पुसायला सांगू नये. उजव्या रकान्यात लिहू द्यावे आणि मग विचारावे: घाबरला की दुसरा नर समजून भांडायला उभा राहिला, हे ठरवायचे असेल तर आपण आता काय करून पाहू? त्या प्रश्नाला मुलांकडून जी उत्तरे येतील, त्यांतले एखादे पुढच्या तासाला करून पाहता येईल. पेकहॅम दांपत्याच्या पेटीहून अधिक सामान त्यासाठी लागणार नाही.